ज्यू कोण हे कोण ठरवणार?

मालवणात मालवणकर, तसे रायगडात पेणकर, किहीमकर, नवगावकर. यांतली काही घराणी बेने इस्रायली ज्यू. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ते ‘शनवार तेली’. नवगावला जहाज फुटून पूर्वज आले, ही त्यांची परंपरा.

ज्यू परंपरेत धर्म आईकडून येतो. बाहेरच्याने स्वीकारायचा तर धर्मपीठाची परीक्षा, पुरुषाची सुंता आणि विधिवत स्नान लागते.

इस्रायलमध्ये स्थायिक झाल्यावर मात्र जन्मानेच ज्यू असलेल्या या कोकण्यांकडे संशयाने पाहिले गेले. त्यांच्यात घटस्फोटाचे धर्मनियम पाळले जात नव्हते, त्यामुळे पुढच्या पिढ्यांचा वंश शंकास्पद ठरतो, असा आक्षेप होता. १९६२मध्ये धर्मपीठाने लग्नाआधी त्यांची वंशावळ तपासायचा आदेश काढला.

आंदोलन पेटले. १९६४मध्ये संसदेने ते सर्वार्थाने ज्यू असल्याचे ठणकावले. धर्मपीठानेही आदेशातला त्यांचा उल्लेख वगळला.