स्टेनलेस पोलादाच्या तोंडावरील खांच

यंत्राच्या दोन भागांमधील सांध्यांतून तेल किंवा पाणी गळत नाहीं, याचें श्रेय पुष्कळदां एका लहानशा खांचेला असतें. झांकणाच्या सपाट तोंडावर वर्तुळाकार खांच कापावयाची, तींत रबराचें कडें बसवावयाचें आणि झांकण आवळावयाचें, एवढीच ती युक्ति. अशा कड्याचें, म्हणजे ओ-रिंगचें, अमेरिकन पेटंट डेन्मार्कमध्यें जन्मलेल्या नील्स क्रिस्टेन्सेन या यंत्रज्ञास १९३९ सालीं मिळालें.

मात्र झांकण स्टेनलेस पोलादाचें असलें, म्हणजे ही अरुंद खांच लेथवर कापणें कसबी टर्नरचीहि परीक्षा पाहतें. हें काम बहुधा सर्वांत शेवटीं येतें. त्या वेळीं हत्यार मोडलें तर आधींचे सारे श्रम वायां जातात; आणि खांचेच्या तळावर ओरखडा राहिला तर सांधा गळूं लागतो.

पहिली अडचण भूमितीची आहे. लेथवर सळई तोडण्याचें पातें सरळ असतें. तेंच तोंडावर लावलें तर धार आंत शिरते, पण धारेखालचें अंग खांचेच्या बाहेरच्या भिंतीस घांसूं लागतें. कारण ती भिंत गोल असल्यामुळें खालीं मध्याकडे वळत जाते. समजा, खांचेचा बाहेरचा व्यास ४० मिलिमीटर व रुंदी ३ मिलिमीटर आहे. धारेच्या पातळीपासून १० मिलिमीटर खालीं बाहेरची भिंत सुमारें २.७ मिलिमीटर आंत सरकलेली असते. तेव्हां १० मिलिमीटर उंचीच्या सरळ पात्याची केवळ बाहेरची बाजू झिजवून वाट मोकळी केली, तर बुडाशीं जेमतेम ०.३ मिलिमीटर जाडी उरेल. असें पातें टिकावयाचें नाहीं. परंतु आंतली भिंतहि त्याच दिशेनें सुमारें सव्वातीन मिलिमीटर सरकलेली असते. म्हणून सारें पातेंच खांचेबरोबर कमानीसारखें वळविलें, तर त्याची जाडी व बळ दोन्ही राहतात. अर्थात् असें प्रत्येक हत्यार ठराविक मर्यादेंतील व्यासांनाच चालतें, हें विसरूं नये.

दुसरी अडचण धातूच्या स्वभावाची आहे. ज्यांत क्रोमियम सुमारें १८ टक्के व निकेल सुमारें ८ टक्के असतें, तें नेहमींचें स्टेनलेस पोलाद दबलें कीं तेथेंच कठीण होतें. शिवाय साध्या पोलादाच्या मानानें तें सुमारें एक-तृतीयांशच उष्णता वाहून नेतें. त्यामुळें धग धारेजवळ कोंडते. धार कापण्याऐवजीं नुसती घांसत राहिली, तर खालचा थर कठीण होतो, तो कापतांना धार बोथट होते, आणि बोथट धार आणखीच घांसते.

येथेंच नवशिक्याची भीति घात करते. थरथराट ऐकूं येतांच त्याचा हात आखडतो व हत्यार जागच्या जागीं घांसूं लागतें. थरथराट झाला तर फेरे कमी करावे. सरक तोडूं नये. हायस्पीड स्टीलच्या हत्यारास कापण्याचा वेग मिनिटास सुमारें १५ मीटर धरला, तर ४० मिलिमीटर व्यासास मिनिटाला १२० फेरे पुरतात. दर फेऱ्यास ०.०३ ते ०.०५ मिलिमीटर इतकी सरक अखंड असावी. तळ गाठल्यावर हत्यार एक-दोन फेऱ्यांहून अधिक तेथें रेंगाळूं देऊं नये.

तयारीहि तितकीच महत्त्वाची आहे. धार तीक्ष्ण व बरोबर मध्याच्या उंचीवर असावी, हत्यार खांचेच्या खोलीपुरतेंच बाहेर काढावें, आणि क्रॉस स्लाइड आवळून टाकावी. या पोलादाची चीप तुटत नाहीं. नाडीसारखी लांबत जाऊन खांचेंत अडकते व पातें मोडते. म्हणून तेलाची धार सतत खांचेंत सोडावी. चीप अडकूं लागलीच तर हत्यार झटकन् मागें घ्यावें, खांच साफ करावी आणि पुन्हां आंत जातांना पहिल्याच फेऱ्यांत धार कठीण थराखालीं शिरेल अशा निश्चयानें सरक द्यावी.

सारांश, या कामांत सावधगिरी धार लावतांना व हत्यार बांधतांना दाखवावी. धार धातूंत शिरल्यावर कचरणें म्हणजे धातूस कठीण होण्यास सवड देणें होय.