शेतकऱ्याचा प्रश्न आणि संशोधनाच्या शाखा

शेतकरी आपल्या शेताकडे पाहतो तेव्हा माती, बी, पाणी, कीड, मजुरी आणि बाजारभाव या सर्व गोष्टी त्याला एकत्रच दिसतात. कृषी महाविद्यालयात मात्र याच गोष्टी निरनिराळ्या शाखांत वाटलेल्या असतात. मातीचे पृथक्करण एक शाखा करते, वाणाची निवड दुसरी करते, रोगाचे कारण तिसरी शोधते आणि जमाखर्चाचा ताळा चौथी घालते. एका प्रश्नासाठी इतकी दारे कशाला, अशी शंका शेतकऱ्याच्या मनात येणे साहजिक आहे. पुणे येथील कृषी महाविद्यालयाच्या व त्याच्या परिसरातील केंद्रांच्या कार्याकडे पाहिले, म्हणजे या शंकेचे उत्तर मिळते.

पुण्यात शेतकी शिक्षणाचे वर्ग एकोणिसाव्या शतकातच सुरू झाले होते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात येथे स्वतंत्र शेतकी महाविद्यालय उभे राहिले. आज ते राहुरी येथील महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या कक्षेत असून पश्चिम व उत्तर महाराष्ट्रातील दहा जिल्हे हे त्या विद्यापीठाचे कार्यक्षेत्र आहे.

रसायनशास्त्रज्ञाने केलेली गावाची पाहणी

महाविद्यालयाचे आरंभीच्या काळातील प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मान हे मूळचे रसायनशास्त्रज्ञ. पुण्यास येण्यापूर्वी ते आसामात चहाच्या मळ्यांसंबंधी संशोधन करीत होते. अशा शास्त्रज्ञाने माती व खते यांपुरतेच आपले काम मर्यादित ठेवले असते तरी कोणी नवल मानले नसते. परंतु सुधारलेले बी आणि खत उपलब्ध असूनही शेतकरी ते का घेत नाही, हा प्रश्न त्यांच्यापुढे होता. त्याचे उत्तर प्रयोगशाळेत मिळण्यासारखे नव्हते. म्हणून त्यांनी सहकाऱ्यांसह पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गावाची घरोघर पाहणी केली. तिचा वृत्तान्त १९१७ मध्ये प्रसिद्ध झाला.

या पाहणीतून जमिनीच्या तुकड्यांचे चित्र आकड्यांनिशी पुढे आले. १७७१ मध्ये या गावातील सरासरी धारणा सुमारे ४० एकर होती; १९१४–१५ मध्ये ती ७ एकरांवर आली होती. १५६ खातेदारांची जमीन ७२९ तुकड्यांत विभागलेली होती आणि त्यांपैकी ४६३ तुकडे एक एकराहूनही लहान होते. इतक्या लहान तुकड्यावर विहीर खोदणे किंवा बांध घालणे परवडत नाही. बरीच कुटुंबे शेतीच्या उत्पन्नावर भागत नसल्याने बाहेरच्या मजुरीवर आणि कर्जावर अवलंबून होती. शेतकरी सुधारणा नाकारतो तो अज्ञानामुळेच, असे म्हणणे किती अपुरे आहे, हे यावरून दिसून आले. तुकड्यांचा हा प्रश्न पुढे कायद्याचाही विषय झाला व १९४७ मध्ये मुंबई प्रांतात तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाचा कायदा संमत झाला.

पिंपळे सौदागरनंतर डॉ. मान यांनी एन. व्ही. कानिटकर यांच्या सहकार्याने जातेगाव बुद्रुक या गावाची अशीच पाहणी केली व तिचा वृत्तान्त १९२१ मध्ये प्रसिद्ध झाला.

मांजरीहून सोलापुरास

पाऊस अपुरा पडतो तेथे पीक कसे हाती लागावे, हा दख्खनच्या शेतकऱ्याचा जुना प्रश्न आहे. या विषयावरील पद्धतशीर संशोधनास १९२३ मध्ये पुण्याजवळ मांजरी येथे प्रारंभ झाला. एन. व्ही. कानिटकर यांनी हे काम पुढे नेले. पडलेल्या पावसापैकी किती पाणी जमिनीत मुरते, किती वाहून जाते आणि किती ओल उन्हाने उडून जाते, याचे मापन या कामात महत्त्वाचे होते.

परंतु एका ठिकाणच्या मातीतील निष्कर्ष दुसऱ्या ठिकाणी जसाच्या तसा लागू पडत नाही. म्हणून १९३३ मध्ये सोलापूर व विजापूर येथे अवर्षणप्रवण भागातील काळ्या जमिनीवरच संशोधन केंद्रे उघडण्यात आली. या प्रयोगांतून कोरडवाहू शेतीची जी पद्धत निश्चित झाली, तिची मुख्य सूत्रे अशी : समपातळीत बांध घालून पाणी शेतातच मुरविणे, मशागत वेळेवर करणे, शेणखत देणे, बी मोजके वापरून ओळींत अंतर जास्त ठेवणे आणि वरचेवर कोळपणी करून ओल राखणे. रब्बी ज्वारीसाठी आजही दोन ओळींत ४५ सेंटिमीटर अंतर व हेक्टरी सुमारे १० किलो बियाणे अशी शिफारस केली जाते, तिच्यामागे हाच विचार आहे. जमिनीत जेवढी ओल साठली असेल तेवढ्यावरच रब्बीचे पीक पोसावयाचे असते. दाट पेरणी केल्यास ती ओल कणीस भरण्यापूर्वीच संपते.

येथे मृदाशास्त्र व कृषिविद्या या दोन शाखा एकत्र आल्या. ओल किती टिकते हे पहिलीने सांगितले आणि तेवढ्या ओलीवर किती ताटे पोसतील हे दुसरीने ठरविले.

गणेशखिंडीतील डाळिंब

फळझाडांच्या संशोधनाचा काळ याहून दीर्घ असतो. पुण्याच्या गणेशखिंड येथील फळ संशोधन केंद्रात डॉ. जी. एस. चीमा यांनी १९२७ मध्ये पेरूचा जो वाण निवडला, तो पुढे ‘सरदार’ या नावाने देशभर पसरला. त्यांनीच १९३६ मध्ये ‘आळंदी’ या डाळिंबाच्या रोपांतून मऊ बियांचे एक झाड निवडले. या निवडीस ‘गणेश’ हे नाव मिळाले ते १९७० मध्ये. पुढे राहुरी येथे गणेश व ‘गुल-ए-शाह रेड’ यांच्या संकरातून ‘मृदुला’ आणि ‘भगवा’ हे लाल दाण्यांचे वाण तयार झाले. १९३६ मध्ये निवडलेल्या एका झाडाचा वंश आज कोरडवाहू भागातील हजारो कुटुंबांचा आधार झाला आहे.

तथापि वाण उत्तम असला म्हणजे बाग सुरक्षित झाली, असे मात्र नाही. तेल्या हा जिवाणूजन्य रोग गणेशवरही येतो आणि भगव्यावरही येतो. पावसाळी, दमट व उष्ण हवेत तो झपाट्याने वाढतो आणि हाताशी आलेला बहार वाया जातो. वाण निर्माण करणाऱ्याचे काम जेथे थांबते तेथे रोगशास्त्रज्ञाचे काम सुरू होते. रोगमुक्त बागेतील रोपे घेणे, छाटणीची हत्यारे जंतुनाशक द्रावणात बुडवून वापरणे, रोगट फांद्या व फळे जाळून टाकणे, झाडांना पुरेशी विश्रांती देणे आणि रोगाचे प्रमाण अधिक असेल तेथे मृग बहाराऐवजी हस्त बहार धरणे, हे उपाय या शाखेने सुचविले आहेत. बहार बदलला की पाण्याची गरज बदलते व माल बाजारात जाण्याची वेळही बदलते. त्याचा हिशेब अर्थशास्त्राच्या शाखेस करावा लागतो.

प्रश्न कोणत्या शाखेकडे न्यावा?

डाळिंबाचे फळ तडकले, एवढ्यावरून कारण कळत नाही. पाणी कधी फार, कधी मुळीच नाही, असे झाल्यास फळ तडकते. बोरॉनची उणीव असल्यास तडकते. तेल्याच्या काळ्या, तेलकट डागांतूनही ते तडकते. यांतील पहिल्या कारणाचा उपाय पाण्याच्या पाळ्यांत आहे, दुसऱ्याचा माती व पानांच्या तपासणीत आणि तिसऱ्याचा रोगनियंत्रणात. कारण न ओळखता दुकानातून औषध आणून फवारल्यास पैसा जातो आणि बहारही जातो. शाखा अनेक आहेत त्या यासाठीच. मात्र योग्य शाखेकडे प्रश्न पोहोचविणे आणि तिचे उत्तर शेतावर आणून इतर उत्तरांशी जोडणे, हे काम ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याचे आहे.

त्यासाठी पुढील गोष्टींची काळजी घ्यावी :

१. हंगामी पिकासाठी मातीचा नमुना शेताच्या आठ-दहा ठिकाणांहून, इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखा खड्डा करून, सुमारे २० सेंटिमीटर खोलीपर्यंत घ्यावा. सर्व माती एकत्र मिसळून अर्धा किलो नमुना ठेवावा. बांधाजवळची, झाडाखालची किंवा खताच्या ढिगाखालची माती घेऊ नये. फळबागेसाठी निरनिराळ्या थरांतील माती वेगवेगळी घ्यावी.

२. रोगट झाडाचा नमुना ताजा असावा व तो कागदात गुंडाळून न्यावा. त्याबरोबर त्याच शेतातील निरोगी झाडाचाही नमुना द्यावा.

३. पेरणीची तारीख, वाण, दिलेली खते, पाण्याच्या पाळ्या, केलेल्या फवारण्या आणि झालेला खर्च यांची नोंद सोबत असावी.

४. मिळालेला सल्ला प्रथम थोड्या क्षेत्रावर अजमावून पाहावा. तो लागू न पडल्यास तेही संशोधकास कळवावे.

यांतील शेवटची सूचना विशेष महत्त्वाची आहे. मांजरीचे निष्कर्ष सर्वत्र लागू पडणार नाहीत हे जाणल्यामुळेच सोलापूरचे केंद्र निघाले, आणि सुधारणा का घेतली जात नाही हे विचारल्यामुळेच पिंपळे सौदागरची पाहणी झाली. शेतकरी बंधूंनी आपले अपयश मनात न ठेवता नोंदीसह सांगितले, तर त्यातून पुढील संशोधनाचा विषय मिळतो. विद्यापीठातील शाखा कितीही असल्या, तरी त्या सर्वांची कसोटी अखेर शेतातच लागते.