शेवग्याचं बी आणि जेटचं पाणी

रंगाचं पाणी झाडापाल्यानं स्वच्छ करण्याच्या या मालिकेत चिंचोके या आठवड्यात येणार होते. ते लांबणीवर टाकतो, कारण सुरतजवळच्या कडोदऱ्याहून एक पत्र आलंय. लिहिणारे मूळचे खानदेशातले, आता कडोदऱ्याच्या डाईंग मिलमध्ये कापड रंगवायचं जेट मशीन चालवतात. त्यांचं म्हणणं असं : तुम्ही लिहिलंत तसं उसाच्या चिपाडानं मिथिलीन ब्लूचं पाणी स्वच्छ झालं हे ठीक, पण आमच्या मिलमध्ये तो रंग कधी येतच नाही, आमच्या पाण्याचं काय?

अगदी वर्मावर बोट. मिथिलीन ब्लू हा प्रयोगशाळांचा लाडका. त्याच्यावर धन भार, वनस्पतीच्या तंतूंवर पाण्यात बहुधा ऋण भार. लाकडाचा भुसा टाका, केळीची साल टाका, तो जाऊन चिकटतोच. असल्या यशाचे निबंध ढिगानं निघतात आणि मला त्यांचा कंटाळा आलाय.

सुरत पट्ट्यात रंगतं ते मुख्यतः पॉलिएस्टर. त्याला डिस्पर्स रंग लागतात आणि ते पाण्यात जवळजवळ विरघळतच नाहीत. त्यांचे बारीक कण तरंगत ठेवायचे, १३० अंश सेल्सिअसला दाबाखाली धाग्यात शिरवायचे. तरंगत ठेवायला रंगातच एक डिस्पर्सिंग एजंट मिसळलेला असतो. पुष्कळदा तो लिग्नोसल्फोनेट असतो, म्हणजे कागदासाठी लाकडाचा लगदा करताना निघणारा पदार्थ. रंग काढायला आपण झाडांकडे निघालो, तर त्याला पाण्यात धरून ठेवणारंही झाडच निघालं! हा एजंट कणांना ऋण भार देतो, म्हणून ते एकमेकांपासून लांब राहतात.

इथे शेवगा उपयोगी पडू शकतो. सुदानमधल्या बायका नाईलचं गढूळ पाणी त्याच्या बियांनी निवळतात. सामिया अल अझहारिया जान यांनी १९७०च्या दशकापासून त्याचा अभ्यास केला. बियांतल्या प्रथिनावर धन भार असतो. तो कणांचा ऋण भार मारतो, कण गोळा होतात आणि तळाशी बसतात. सुती कापडाचे रिअॅक्टिव्ह रंग पाण्यात पुरते विरघळलेले, ते इतक्या सहज हाती लागत नाहीत.

पण जेटमधून एकाच जातीचं पाणी सुटत नाही. रंगाईचं पाणी आम्लधर्मी, सामू साधारण ५. त्यामागून रिडक्शन क्लिअरिंगचं, म्हणजे वरवर चिकटलेला रंग काढायच्या धुलाईचं येतं, कॉस्टिक आणि हायड्रोचं (सोडियम हायड्रोसल्फाइट). वेट रिडक्शन, म्हणजे कॉस्टिकनं कापडाचं वजन घटवणं असेल, तर कॉस्टिक आणखी. सामू १०-११च्या वर गेला की त्या प्रथिनाचा धन भारच उरत नाही. म्हणून बी घालून पाहायचं तर रंगाईच्या पाण्यात, नाहीतर एकत्र पाण्याचा सामू आधी खाली आणून.

नुसती पूड मात्र ओतू नये. तिच्यातलं तेल आणि इतर सेंद्रिय माल पाण्यात उतरतो, रंग घटतो आणि सीओडी, म्हणजे पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचं माप, वाढतो. आधी तेल काढावं, मग पेंड मिठाच्या पाण्यात भिजवून गाळावी आणि ते गाळलेलं पाणी वापरावं. साध्या पाण्यापेक्षा त्यात प्रथिन जास्त उतरतं. आणि तळाचा गाळ शेवग्याचा असला तरी रंगाचाच, शेतात टाकायचा नाही.

चिंचोके पुढच्या आठवड्यात नक्की. तोवर पत्रलेखकांनी प्रिंटिंग खात्यात चौकशी करून ठेवावी : छपाईची पेस्ट घट्ट करायला चिंचोक्याचा गम वापरतात का, आणि धुलाईनंतर तो जातो कुठे?