पेटी उघडू नका

कॉम्प्युटरच्या पोटात एक छोटी पेटी असते. तिला हार्ड डिस्क म्हणतात. बचत गटाचा हिशेब, लेकीच्या लग्नाचे फोटो, गेलेल्या वडिलांचा आवाज, हे सारे त्या पेटीत राहते. पेटी बंद पडली की जीव खालीवर होतो. मग कोणी म्हणतो, "आण रे पेचकस, उघडून पाहू!" थांबा. आत काय असते ते आधी समजून घ्या.

आत आरशासारख्या गुळगुळीत चकत्या असतात. त्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० वेळा फिरतात. चकतीवर एक बारीक टोक तरंगते. तेच लिहिते, तेच वाचते. ते चकतीला शिवत नाही. दोघांमधली फट अगदी लहान. माणसाचा केस तिच्या हजारो पट जाड असतो.

आपला केळापूर तालुका कापसाचा. हंगामात पांढरकवड्याला कापसाच्या गाड्या लागतात. हवेत तंतू उडतात. घरातही धूळ असतेच. पेटी उघडली की धुळीचा कण चकतीवर बसतो. टोक त्यावर आदळते. चकती खरवडते. जेथे खरवडले तेथला मजकूर कायमचा गेला! म्हणून जाणते कारागीर धूळ गाळलेल्या खास खोलीतच पेटी उघडतात. तेथे खर्च फार येतो.

पेटीतून टकटक आवाज येतो काय? मग वीज लगेच बंद करा. पुन्हा पुन्हा चालू करून पाहू नका. पेटी आपटू नका. फ्रीजमध्ये ठेवू नका, आत दव धरते.

पेटी चांगली आहे, पण फोटो चुकून पुसला, तर गोष्ट वेगळी. पुसणे म्हणजे पुस्तकाच्या अनुक्रमणिकेतले नाव खोडणे. पान जागीच असते. त्यावर नवे लिहिले की मात्र जुने गेले. म्हणून त्या पेटीत नवे काही भरू नका. पुसलेले शोधणारे प्रोग्राम मिळतात. ते दुसऱ्या डिस्कवरून चालवा. सापडलेला फोटोही दुसरीकडेच ठेवा. एसएसडी नावाच्या नव्या पेटीत चकती नसते. ती रिकामी पाने बहुधा आपणच साफ करते. तेथून पुसलेले परत मिळणे कठीण.

शहाणा शेतकरी सारे बियाणे एका कणगीत ठेवत नाही. तुम्हीही तसेच करा. मोलाच्या मजकुराच्या तीन प्रती ठेवा. एक कॉम्प्युटरात, एक वेगळ्या डिस्कवर, एक दुसऱ्या घरी. हे काम पेटी चालू आहे तोवरच होते. आजच करा.