भाताच्या खाचरातला मिथेन

भातखाचरात पाणी सतत तुंबलेले असले की खालच्या चिखलाला हवा मिळत नाही. तिथले सूक्ष्मजीव कुजणाऱ्या धसकटांपासून मिथेन तयार करतात आणि तो बराचसा भाताच्या रोपांमधूनच वर निघतो. शंभर वर्षांच्या हिशेबाने हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७ पट तापदायक.

फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने यावर सोपी रीत रुळवली. भोके पाडलेली, साधारण ३० सेंटिमीटर लांबीची नळी खाचरात अर्धी गाडायची आणि आतली माती उकरून काढायची. लावणीनंतर पहिले एकदोन आठवडे पाणी ठेवायचेच, नाहीतर तण माजते. पुढे नळीतले पाणी जमिनीखाली १५ सेंटिमीटर उतरले की खाचर पुन्हा ५ सेंटिमीटर भरायचे. फुलोऱ्यात मात्र रान सुकू द्यायचे नाही. तिथे हयगय झाली तर दाणा पोचट राहतो. एवढे सांभाळले तर उत्पन्न सहसा घटत नाही आणि मिथेन जवळपास निम्म्यावर येतो. नायट्रस ऑक्साइड थोडा वाढतो, तरी एकूण फायदा मोठाच.

मग ही रीत सगळीकडे का नाही? बांगलादेशात अनेक ठिकाणी पंपमालक हंगामाची ठरावीक रक्कम घेतो. पाणी वाचवले तरी डिझेल त्याचे वाचते, शेतकऱ्याच्या पदरात काही पडत नाही. मला खरी गाठ इथेच दिसते: आधी पाण्याचा व्यवहार बदलायला हवा. तरी सरकारी पातळीवर पाऊल पडले आहे: व्हिएतनामने २०२३ मध्ये मेकाँगच्या त्रिभुज प्रदेशात दहा लाख हेक्टरांवर कमी उत्सर्जनाच्या भाताची योजना मंजूर केली. मुदत २०३० ची आहे.