यंत्राचा आकडा आणि हातचा वेध



ऊस विकास विभागाचा माणूस म्हटला की पायात चिखलाचे बूट, खांद्याला पिशवी आणि पिशवीत ब्रिक्स बघायचा रिफ्रॅक्टोमीटर, असे चित्र आपल्या डोळ्यांसमोर येते. आता ते अर्धेच खरे राहिले आहे. सकाळचे तीन-चार तास आमची बैठक संगणकासमोर असते. लागणीच्या नोंदी, गट नंबर, जात, तारीख, तोडणीचा क्रम, सगळे पडद्यावर. काम चटकन होते, हे कबूल. पण खरे सांगायचे तर दुपारी जीप शिवाराकडे वळली की आम्हांला हायसे वाटते. कांड्याला टोच मारून रसाचा थेंब काचेवर घ्यावा, नळी उजेडाकडे धरून आत रेघ बघावी, म्हणजे दिवस कारणी लागला. हा आमचा निव्वळ छंद, की कारखान्याला त्याची गरजही आहे, असा प्रश्न पुष्कळ दिवस मनात होता. त्याचा उलगडा झाला तो उसाच्या रानात नव्हे, तर समुद्रकाठी, अलिबागला.

नात्यातल्या एका लग्नासाठी तिकडे जाणे झाले. रायगडचा हा किनारा म्हणजे भाताची खाचरे आणि नारळी-पोफळीच्या वाड्या. ऊस दिसला तर रसवंतीच्या चरकात. लग्न आटोपल्यावर हाती अर्धा दिवस होता. तेथील चुंबकीय वेधशाळेविषयी वाचलेले होते, म्हणून पाय तिकडे वळले.

या वेधशाळेची हकिकत ऐकण्यासारखी आहे. पृथ्वी हेच एक मोठे लोहचुंबक आहे आणि त्याचे बल क्षणाक्षणाला थोडे थोडे बदलत असते. ते मोजण्याचे काम मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून चालू होते. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम आणायचे ठरले. विजेचा प्रवाह जवळून वाहू लागला की चुंबकाच्या नाजूक नोंदी बिघडणार, हे उघड होते. त्या वेळी वेधशाळेचे प्रमुख होते डॉ. नानाभाई मूस. त्यांनी अलिबागची जागा निवडली. इमारतीसाठी चुंबकीय गुण नसलेला पोरबंदरचा दगड आणला आणि लोखंड टाळून तांबे-पितळ वापरले. १९०४ मध्ये अलिबागचे काम सुरू झाले. ट्राम धावू लागली ती १९०७ मध्ये. म्हणजे अडचण दारात येण्यापूर्वीच बिऱ्हाड हललेले होते.

यातली एक गोष्ट आम्हांला फार आवडली. अलिबाग सुरू झाले म्हणून कुलाब्याची यंत्रे लगेच गुंडाळली नाहीत. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे दोन्हीकडे नोंदी घेतल्या, एकमेकींशी ताडून पाहिल्या आणि मगच जुने काम थांबवले. त्यामुळे जुनी आणि नवी नोंद एकाच दोरीत ओवली गेली. आपण काय करतो? नवे आले की जुनी वही माळ्यावर!

आज तेथे विजेवर चालणारी यंत्रे आहेत. रात्रंदिवस आपोआप नोंद होत असते. मग माणसाचे काम काय उरले? तर यंत्र बदल बारकाईने टिपते, पण हळूहळू स्वतःच सरकत जाते. उन्हाळा-पावसाळ्याने तापमान बदलते, खांब केसभर कलतो, आणि आकडा चुकीकडे झुकतो. यंत्राला ते कळत नाही. ते आपले त्याच ऐटीत आकडे देत राहते! म्हणून जगभरच्या अशा वेधशाळांतून ठरावीक दिवसांनी माणूस स्वतः वेध घेतो. घड्याळ, किल्ल्या, पट्ट्याचे बक्कल, मोबाईल, अंगावरचे सगळे लोखंड बाहेर ठेवायचे. आत दगडी खांबावरच्या दुर्बिणीच्या यंत्राला डोळा लावून दूरची ठरलेली खूण धरायची आणि हाताने चकती फिरवत कोन मोजायचे. या हातच्या मापाला ताडून यंत्राची बैठक दुरुस्त करायची.

हातच्या नोंदीचे मोल केवढे असते, तेही बघा. २ सप्टेंबर १८५९ रोजी सूर्यावरील उत्पातामुळे पृथ्वीवर मोठे चुंबकीय वादळ आले. त्या दिवशी कुलाब्याच्या निरीक्षकांनी डोळ्यांनी वाचून वहीत आकडे उतरवले. २००३ मध्ये शास्त्रज्ञांनी त्याच नोंदी काढून त्या वादळाचा जोर ठरवला. घट होती सुमारे १,६०० नॅनोटेस्ला. साध्या वादळात ती शंभराच्या आत-बाहेर असते. वही लिहिणाऱ्यांना कुठे ठाऊक होते, की १४४ वर्षांनी ती कोणी उघडणार आहे!

हे सारे बघताना आम्हांला आमचीच एक चूक आठवली. ती झाकून ठेवण्यापेक्षा सांगितलेली बरी.

काही हंगामांपूर्वी एका तात्यांच्या आडसाली उसाची नोंद संगणकात चढवताना कागदावरचा सात हा एक वाचला गेला. जुलैची लागण जानेवारीची झाली. यंत्राने तो ऊस सुरू धरला आणि तोडीची पाळी नेऊन टाकली फेब्रुवारीच्या अखेरीस. तुरे येऊन गेले, वर पांगशा फुटल्या, आतून कांडी पोकळ पडत चालली. त्या रस्त्याने आम्ही दोनदा गेलो होतो. ऊस बघितलाही होता. पण हातातल्या यादीत ‘सुरू’ असे होते, म्हणून जीपमधून उतरलो नाही.

जानेवारीत तात्या ऑफिसात आले. रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, “सायेब, तुमच्या मशीनला जरा माझ्या बांधावर आणा की. त्याला तुरा दाखवतो.”

दुसऱ्याच दिवशी तोड दिली. पण वजनात बसायचा तो मार बसलाच. वर्ष-दीड वर्षाची मेहनत एका आकड्यापायी उणी झाली. ती आम्हांला भरून देता आली नाही, आणि अजून त्या बांधावरून जाताना मान खाली जाते.

संगणकाला दोष देण्यात अर्थ नाही. त्याने दिलेल्या तारखेचा हिशेब बिनचूक केला होता. तारीखच चुकलेली होती, आणि ती ताडून बघायला आम्ही उतरलो नाही. तेव्हापासून आम्ही स्वतःपुरता नेम केला आहे. रोज यादीतले काही फड प्रत्यक्ष बघायचे. बुडख्याचा आणि शेंड्याचा, दोन्हींचा ब्रिक्स घ्यायचा. शेंड्याचा आकडा बुडख्याच्या जवळ आला की ऊस पक्व झाला. अंतर मोठे असेल तर यादी काहीही म्हणो, ऊस अजून कच्चा आहे. हे यादीशी जुळले तर उत्तम, नाही जुळले तर यादी दुरुस्त करायची, ऊस नव्हे!

यासाठी आपलीही साथ हवी. नोंदीची पावती मिळाली की ती खिशात घालण्यापूर्वी लागणीची तारीख, जात, क्षेत्र आणि लागण की खोडवा हे चारही रकाने वाचा. वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या लेकरांकडून वाचून घ्या. मोजणीला आमचा माणूस आला की घरचे कोणी तरी बांधावर उभे राहा. चूक दिसली तर संकोच न करता गट ऑफिसला या. “आता संगणकात गेले, बदलत नाही,” असे कोणी सांगितले तर थेट आमच्याकडे या. बदलते!

आणि लागणीची तारीख घरच्या वहीतही लिहून ठेवा. दोन्हीकडची नोंद असली म्हणजे ताडून बघता येते. अलिबागकरांनी ते दोन वर्षे केले, आपल्याला एका पानाचे काम आहे.



आपला,
ऊस विकास अधिकारी