चाकातली हवा गेली, म्हणून शाळा का सुटावी?



आज आम्ही दोघी मैत्रिणी सायकलच्या पंक्चरविषयी बोलणार आहोत. ‘हा काय विषय झाला?’ असं म्हणाल. आम्हालाही आधी तसंच वाटायचं.

मागच्या हिवाळ्यात आम्ही सिहोऱ्याहून चांदपूरला हनुमानाच्या दर्शनाला सायकलने गेलो. येताना एकीचं मागचं चाक बसलं. सायकल ढकलत घरी येईपर्यंत अंधार पडला. हे ऐकून एकीच्या नणंदेने आपल्या आठवीतल्या मुलीला सांगितलं, “मोठ्या बायांची ही गत, मग तू एकटी का करशील वो? उद्यापासून सायकल बंद.” ती पोरगी जवळच्या गावाहून शाळेत येते. सायकल बंद म्हणजे शाळाच बंद. ते आम्हाला फार लागलं. मग आम्ही पंक्चरच्या दुकानात बसून सगळं शिकून घेतलं.

मानव विकास कार्यक्रमातून 8वी ते 12वीच्या कितीतरी मुलींना सायकली मिळाल्या. पण सायकलसोबत पंक्चर काढायची विद्या कोण देतं? ती आपणच एकमेकींना द्यायची.

पिशवीत काय ठेवायचं ते आधी ऐका. छोटा पंप, पाना, टायर काढायच्या दोन पट्ट्या, सोल्यूशनची ट्यूब, दोन-तीन पॅच, पॉलिश पेपरचा तुकडा, जुनं फडकं आणि थोडी वालट्यूब. वालट्यूब म्हणजे वॉल्वच्या आत असतं ते बारीक नळीसारखं रबर. दोघी सोबत निघालात, तर दोघींत मिळून एक पिशवी पुरते.

हवा गेली की लगेच उतरायचं. ‘थोडंच राहिलं’ म्हणून तसंच चालवलं, तर रिममध्ये दबून ट्यूब फाटते. छोट्याशा कामाला नवी ट्यूब लागते. उतरल्यावर सायकल रस्त्यावरून खाली, बाजूला घ्यायची.

आता पहिली तपासणी. चाकात हवा भरायची आणि वॉल्वच्या तोंडावर ओलं बोट लावायचं. बुडबुडा आला, तर पंक्चर नाहीच. आतली वालट्यूब कुजली आहे. ती बदलली की झालं. उन्हाळ्यात हे बरेचदा होतं, आणि आपण उगाच टायर उघडत बसतो.

बुडबुडा नाही आला, तर टायर उघडायचा. चाक काढायची गरज नाही. सायकल उलटी करा. एकीने धरायची, दुसरीने काम करायचं. हवा पूर्ण सोडा, वॉल्वची चकती काढा आणि पट्टीने टायरची एकच कड रिमबाहेर घ्या. स्क्रू ड्रायव्हर वापरू नका, त्याने ट्यूबला भोक पडतं. ट्यूब बाहेर ओढून थोडी हवा भरा. बांधीत किंवा नहरात पाणी असेल, तर त्यात बुडवून बघा. पाणी नसेल, तर ट्यूब गालाजवळून हळूहळू फिरवा. हवा गालाला लागते.

भोक सापडलं की जागा कोरडी करून पॉलिश पेपरने घासा. सोल्यूशनचा पातळ थर लावा आणि थांबा. इथेच सगळ्या चुकतात! ओल्यावर पॅच धरत नाही. बोटाला चिकटेनासं झालं की पॅच लावून जोरात दाबा.

दरम्यान सोबतीणीने टायरच्या आतून फडकं फिरवायचं. बाभळीचा काटा तिथेच राहिला, तर शंभर पावलांवर पुन्हा पंक्चर. फडकं अडकतं तिथे काटा असतो. नुसत्या बोटाने चाचपू नका. टायर परत बसवताना वॉल्वची जागा शेवटी ठेवा आणि ट्यूब कुठे दबली नाही ना, ते दोन्ही बाजूंनी बघा.

ट्यूबवर जवळजवळ दोन भोकं दिसली, तर तो काट्याचा दोष नाही. हवा कमी असताना गिट्टीवर आपटलं की असं होतं. म्हणून दर आठवड्याला हवा भरा.

सामान नसेल तर? टायरमध्ये तणस दाबून भरलं, तर रिकामं चाक रिमवर घासत नाही आणि सायकल ढकलत नेता येते. त्यावर बसायचं मात्र नाही. एका सायकलवर बसून दुसरी हाताने धरून न्यायची, हेही करू नका. आणि सगळ्यात महत्त्वाचं, सोबतीणीला रस्त्यात एकटी सोडून पुढे जायचं नाही. घरी फोन लावा आणि दोघी पायी चला. उशीर झाला तरी चालेल.

हवेचा टायर 1888 साली बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलॉप यांनी पुढे आणला. ते जनावरांचे डॉक्टर होते. मुलाच्या तीनचाकीला धक्के बसू नयेत, म्हणून त्यांनी तो घरीच करून पाहिला होता. घरात बसून बनवलेली वस्तू आपण घरात बसून दुरुस्त करू शकतो की नाही?

नणंदेच्या मुलीने आमच्यासमोर अंगणात पंक्चर काढलं. पहिल्यांदा पाऊण तास लागला, आता वीस मिनिटांत काढते. आई काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी डब्यासोबत ती पिशवी तिनेच सायकलला अडकवली.

तर मैत्रिणींनो, येत्या रविवारी घरची सायकल अंगणात उलटी करा आणि लेकीसोबत एकदा टायर उघडून बसवा. पंक्चर व्हायची वाट पाहू नका.